तेरला समुद्र नाही

दीवमध्ये नागोआच्या बाजूला शंख-शिंपल्यांचं एक संग्रहालय आहे. बोटीवर नोकरी केलेल्या एका कप्तानाने बंदराबंदरांतून गोळा केलेले शिंपले तिथे मांडलेत आणि नीट दिसावेत म्हणून त्यांच्यावर भिंगं लावलीयेत. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या ग्रुपबरोबर मी तिथे गेले होते. बाकीचे पंधरा मिनिटांत बाहेर पडून नारळपाणी प्यायला लागले. मी मात्र एका भिंगापाशी अडकले. भिंगाखाली पिवळसर, करंगळीच्या पेराएवढी, दात विचकल्यासारखी कवडी होती. अगदी तशा कवड्या माझ्या आजीच्या गळ्यात होत्या, आणि आजीने जन्मात समुद्र पाहिला नव्हता.

मी अकलूजची. आमच्याकडून समुद्र पश्चिमेला सरळ रेषेत जवळपास २०० किलोमीटर आहे आणि मध्ये अख्खा सह्याद्री आहे. आमच्या गावाला नीरा आहे, ऊस आहे, घोड्यांचा बाजार आहे. लहानपणी मला शिंपला माहीत होता तो नीरेच्या वाळूतला. त्याची पाठ दगडावर घासून भोक पाडायचं आणि त्या भोकाच्या धारेने कैरी सोलायची. पीलर हा शब्द मी इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर गेल्यावर शिकले. त्याशिवाय देवघरातला शंख आणि आजीची माळ. आमच्या घरातला समुद्र एवढाच.

आजी आराधी होती, म्हणजे तुळजाभवानीची माळ-परडी घेतलेली. गळ्यात कवड्यांची माळ, हातात वेताची परडी, मंगळवारी-शुक्रवारी पाच घरी जोगवा, नवरात्रात पोत पाजळून रात्रभर गाणी. सोलापूर, धाराशिव, लातूरकडच्या वाचकांना हे सांगायला नको, बाकीच्यांनी नवरात्रात तुळजापूरच्या रस्त्यावर एकदा उभं राहावं. आजी गेल्या वर्षी गेली. तेराव्यानंतर माळेचा विषय निघाला. काकूंचं म्हणणं होतं, माळ घरात नुसती टांगून ठेवायची नसते, कुणाच्या तरी गळ्यात गेली पाहिजे, आणि थोरली नात मी. आईला ते अजिबात मान्य नव्हतं. "ती पुण्यात राहती, रात्री-अपरात्री कामावरनं येती, तिला कुठला जोगवा मागायला लावता?" आणि वडिलांचं तिसरंच, नरसिंहपूरला नीरा-भीमेच्या संगमावर सोडून द्यावी.

मला काही सुचेना म्हणून मी म्हणाले, संग्रहालयात देऊ.

काकू हसल्या. "म्युझियमात? आत्याबाई काय राणीसरकार होत्या का?"

मी तेरला गेले ती या प्रश्नापायी.

तेर धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठावर आहे. अकलूजहून टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी आणि मग येडशीवरून आत. बहुतेकांना हे गाव गोरोबाकाकांचं म्हणून ठाऊक आहे. थापटण्याने संतांची डोकी वाजवून कोण कच्चं, कोण पक्कं हे सांगणाऱ्या गोरा कुंभारांचं. पण गावाची दुसरी ओळख त्याहून हजारबाराशे वर्षं जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातल्या व्यापाराची एक मार्गदर्शिका लिहिली, 'पेरिप्लस' या नावाने ती ओळखली जाते. लेखकाचं नाव कुठेच नाही. त्यात तो भडोच बंदराबद्दल सांगताना म्हणतो की तिथून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. तगरहून जाडंभरडं कापड आणि तऱ्हतऱ्हेची मलमल बैलगाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला येते.

हे तगर कुठलं, यावर शे-सव्वाशे वर्षं वाद चालला. कुणी म्हणालं देवगिरी, कुणी जुन्नर, कुणी धारूर. १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर हे मांडलं आणि लगेचच पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझन्स यांनी प्रत्यक्ष येऊन इथली टेकाडं आणि विटांची देवळं पाहिली. पुराव्यांतला एक मला फार आवडतो. कोकणात आणि कोल्हापूरकडे राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत, म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगराचे स्वामी. ठाण्याच्या खाडीवर बसून बंदरांचा कर वसूल करणारे राजे बिरुद मिरवतात ते समुद्रापासून ३०० किलोमीटरहून आत असलेल्या गावाचं.

पेरिप्लसच्या त्याच परिच्छेदात शेवटी एक वाक्य आहे, ज्यावरून आपण सहज पुढे सरकतो. तगरहून कापडाबरोबर इतरही माल येतो, आणि तो माल किनाऱ्याकडच्या प्रदेशांतून तगरला आणलेला असतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी तेरच्या बाजारात समुद्राकडच्या वस्तू येऊन पडत होत्या आणि इथून पुढे जात होत्या. मला तेच हवं होतं.

गावात कै. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं शासकीय पुराणवस्तू संग्रहालय आहे. दीवच्या कप्तानाच्या संग्रहालयासारखंच हेही मुळात एका माणसाच्या नादातून उभं राहिलेलं. लामतुरे गावातले व्यापारी होते. ना इतिहासाची पदवी, ना खात्यात नोकरी. तेरच्या आजूबाजूला पांढरीची टेकाडं आहेत. पांढरी म्हणजे जिथे माणसं शतकानुशतकं राहिली, राख-शेण-माती साचून जमीन पांढुरकी झाली ती जागा, आणि काळी म्हणजे पिकाची जमीन. अशा टेकाडावर एक चांगला पाऊस झाला की वरची माती वाहून जाते आणि मणी, नाणी, खापरं, मूर्तींची मुंडकी उघडी पडतात. बाकीचे ती पायाखाली घालत होते, लामतुरे ती उचलत होते. आयुष्यभर उचलत राहिले. त्यांनी आणि पुढे त्यांच्या घरच्यांनी जमवलेल्या वस्तूंची संख्या २० हजारांवर जाते. हा सगळा ठेवा त्या कुटुंबाने राज्य शासनाकडे दिला आणि महत्त्वाचं म्हणजे तो गावातच राहिला.

तिथली सगळ्यात प्रसिद्ध वस्तू शिंपल्याची नाही. तेरला एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्यासारखीच, आकाराने मोठी मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात निघाली. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधी भारतातून तिकडे पोचलेली होती. तेरबद्दल कुणी काही लिहिलं तर हे येतंच, आणि यायलाही हवं. उत्तरेश्वराच्या विटांच्या देवळाची कोरीव लाकडी चौकटही संग्रहालयातच आहे आणि तिच्यासमोर मी बराच वेळ उभी होते. पण मी शोधत होते ते शंखाच्या बांगड्यांचे तुकडे.

तुकडेच. अख्खी बांगडी क्वचित. पांढरे, थोडे पिवळट झालेले, नखासारखे वळलेले. पहिल्या नजरेला कुणीही हाडाचे किंवा प्लॅस्टिकचे म्हणेल. शंखाची बांगडी ओळखायची एक खूण आहे. शंख हा गोल नळा नसतो, ती आत आत वळत जाणारी नळी असते. त्यामुळे तो आडवा कापला की निघणारं कडं पूर्ण गोल येत नाही, एका जागी वळणाची दोन टोकं तिरकी जुळलेली असतात. सिंधू संस्कृतीतल्या कारागिरांनी नेमका तिथेच बाणाच्या टोकासारखा कोरीव आकार काढायची पद्धत पाडली होती, सांधा झाकायला. तेव्हापासून दोन-अडीच हजार वर्षं हाच धंदा थोड्याफार फरकाने चालत राहिला.

धंदा सोपा नाही. बांगडीला लागतो तो जाड कवचाचा शंख, आपल्या देवघरात असतो तोच. तो मन्नारच्या आखातात आणि सौराष्ट्र-कच्छच्या किनाऱ्याला मिळतो, पाणबुड्यांनी बुडी मारून काढलेला. आधी हातोडीने त्याचं टोक फोडायचं, आतला मधला खांब मोडून काढायचा, मग पातळ करवतीने आडव्या चकत्या पाडायच्या आणि आतून-बाहेरून घासत बसायचं. चांगल्या शंखातून चार-पाच बांगड्या निघतात. गुजरातेत जामनगरकडे नागेश्वरला सिंधू काळातला असा अख्खा कारखाना सापडला आहे. तो कारखानाच होता हे कळतं ते बांगड्यांवरून नाही, कचऱ्यावरून. जिथे मोडलेले खांब आणि अर्धवट कापलेले शंख ढिगाने पडलेत तिथे माल बनत होता. जिथे नुसत्याच बांगड्या सापडतात तिथे तो विकत घेतला जात होता. ज्याने कुठल्याही सर्व्हरवरच्या टेम्प फाईल्स पाहून रात्री काय चाललं होतं ते शोधलंय, त्याला ही पद्धत लगेच पटेल.

तेरच्या बाईच्या हातात शंखाची बांगडी होती याचा अर्थ कुणीतरी रामेश्वरकडच्या किंवा द्वारकेकडच्या पाण्यात बुडी मारली होती, कुणीतरी तो शंख कापला होता, आणि कुणीतरी बैलांच्या पाठीवरून, अनेक बाजार बदलत, तो माल तेरणेच्या काठावर आणला होता. समुद्र न पाहिलेल्या बायकांच्या अंगावर समुद्रातली वस्तू असणं आमच्या भागात नवीन नव्हतं. पुढे मध्ययुगात काचेच्या बांगड्या आल्या, रंगीबेरंगी, स्वस्त, आणि शंखाची बांगडी आपल्याकडून जवळजवळ नाहीशी झाली. बंगालमध्ये मात्र लग्न झालेल्या बाईच्या हातात ती अजून आहे. माझ्या टीममधली कोलकात्याची एक मुलगी घालते, आणि लॅपटॉपवर तिचा टक टक आवाज होतो म्हणून आम्ही तिला चिडवायचो. तेरहून आल्यावर मी गप्प झाले.

आता लामतुऱ्यांबद्दल एक गोष्ट बोलायला हवी, कारण नुसतं कौतुक करून भागत नाही. टेकाडाच्या वरच्या मातीतून उचललेल्या वस्तूला पुरातत्त्वाच्या दृष्टीने एक मोठी उणीव असते. ती कुठल्या थरातून आली हे सांगता येत नाही. थर म्हणजेच काळ. मणी सातवाहनांच्या वेळचा की पाचशे वर्षांनंतरचा, हे त्याच्या शेजारी, त्याच थरात काय होतं त्यावरून ठरतं. आमच्या भाषेत, हा टाइमस्टॅम्प नसलेला लॉग. ओळ आहे, पण कधीची ते माहीत नाही. ही उणीव पुढे उत्खननांनी भरून काढली. १९५८ मध्ये बी. एन. चापेकरांनी तेरला शिस्तीत खड्डे घेतले, थर मोजले, आणि १९६९ मध्ये त्याचा अहवाल छापला गेला. नंतरही इथे खणलं गेलं. उत्खननात थोड्या वस्तू मिळतात पण त्यांचा पत्ता पक्का असतो, लामतुऱ्यांकडे हजारो वस्तू होत्या पण त्यांचा पत्ता फक्त 'तेर'. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवले तेव्हा कुठे गावाचा इतिहास वाचता येऊ लागला. आणि तरी मी म्हणेन की पहिलं काम जास्त अवघड होतं. ज्या काळात लोकांना त्या वस्तू म्हणजे खडे वाटत होते त्या काळात त्या उचलण्यासाठी, गावात 'याला काही कामधंदा नाही' हे ऐकून घ्यायची तयारी लागते.

परतताना बार्शीच्या स्टँडवर चहा पिताना लक्षात आलं की मी आजीची माळ जर कुठे दिली, तर तीही अशीच, टाइमस्टॅम्पशिवाय जाईल.

घरी येऊन कवड्या मोजल्या. ५९ निघाल्या. प्रत्येकीची पाठ घासून उघडी केलेली, त्यातून दोरा ओवलेला. माझ्या हातात गणित आलं की मी जरा वाहवत जाते, तर थोडं सहन करा. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० च्या सुमाराची. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता आणि तिथे तसा शिलालेख आहे, म्हणजे घरचाच ग्रंथ. त्यात सुरुवातीलाच नाण्यांचं कोष्टक आहे. २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म. गुणाकार केला की एका द्रम्माच्या १,२८० कवड्या. आता यात सहाशे वर्षं पुढे उडी मारा. अठराव्या शतकाच्या शेवटी ईस्ट इंडिया कंपनीचा रॉबर्ट लिंडसे हा सिल्हेटला कलेक्टर होता. तिथे चांदीची टंचाई, शेतसारा कवड्यांत भरला जायचा. वर्षाचे अडीच लाख रुपये, आणि रुपयाला ५,१२० कवड्या. म्हणजे सुमारे १२८ कोटी कवड्या होड्यांत भरून ढाक्याला पाठवायच्या. ५,१२० म्हणजे बरोबर १,२८० च्या चौपट. कवडीच्या हिशेबाची चौकट देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सहा शतकं, तीच राहिली होती. मी हे कागदावर मांडून आईला दाखवलं. ती म्हणाली, "मग ५९ चं काय येईल?" तीन काकिणी पण नाही. एक कमी पडते.

या कवड्या येतात मुख्यतः मालदीवमधून. तिथल्या उथळ पाण्यात माडाच्या झावळ्या टाकून ठेवत, कवड्या त्यांना चिकटत, मग वाळूत पुरून आतला जीव कुजवत आणि रिकामं कवच विकत. इब्न बतूता १३४३-४४ मध्ये मालदीवला काझी होता. तो लिहितो की तिथे सोन्याच्या एका दिनारला चार लाख कवड्या मिळतात, कधी कधी बारा लाखही. दहाएक वर्षांनी तो आफ्रिकेत, सहाराच्या पलीकडे मालीच्या राज्यात पोचला तर तिथे दिनारला फक्त १,१५० कवड्या. म्हणजे तीच वस्तू जवळपास ३५० पट महाग. एवढा नफा दिसल्यावर पुढे काय झालं असेल ते ओळखता येतं. पोर्तुगीज, डच, इंग्रज जहाजांनी मालदीवच्या कवड्या आधी युरोपात आणि तिथून पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेल्या आणि त्या मोजून माणसं विकत घेतली. ज्या कवडीला हात लावण्याआधी आजी कपाळाला हात लावायची, तिच्याच जातीच्या कवड्या देऊन कुणाचा तरी मुलगा गुलाम म्हणून जहाजात चढवला गेला होता. हे वाचल्यावर मी दोन दिवस माळेला हात लावला नाही. आजीचा त्यात काहीच दोष नव्हता, पण लावावासा वाटला नाही.

आणि आपल्याकडे? नाणं म्हणून तिची किंमत गेली आणि उलट शब्द मागे राहिला. सोलापूरच्या बाजार समितीत कांदा पडला की दरवर्षी पेपरात 'कवडीमोल भाव' ही हेडलाईन ठरलेली. पण तुळजापूरला महाद्वारासमोरच्या दुकानात जाऊन कवड्यांची माळ मागा, ती कवडीमोल भावात मिळत नाही. पैसा म्हणून मेलेली कवडी देवीच्या गळ्यात आणि आराध्यांच्या गळ्यात जिवंत राहिली. शिवाजी महाराजांच्या कित्येक चित्रांतही ती दिसते. माझ्या मते संग्रहालयाची कल्पना इथेच फसते. तेरच्या काचेआडच्या बांगड्या कुणाच्या तरी हातून फुटून पडलेल्या आहेत. त्या घालणारं आता कुणी नाही, म्हणून त्या काचेआड शोभतात. आराध्यांचं तसं नाही. पुढच्या मंगळवारी आमच्या गल्लीत जोगवा मागणारी बाई येणार आहे.

शेवटी काकूंनीच वाट काढली. आजीच्या मेळ्यात गाणारी एक बाई आहे, तिची स्वतःची माळ तुटून निम्म्या कवड्या हरवल्यात. तिला द्यायची. परडी मात्र घरात राहील आणि मंगळवारी भरली जाईल, ती आईने भरायची. आई हो म्हणाली, फारशी कुरकुर न करता. माझं नाव कुणी काढलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि थोडं वाईटही.

देण्याआधी मी एक काम केलं. माळेचे फोटो काढले, कवड्या पुन्हा मोजल्या, आणि एका कागदावर लिहायला बसले : माळ कुणाची, कुठे घेतली, कधी, कुणाकडून आली. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळेबरोबर द्यायचा होता. मी लिहिलं, 'अकलूज, लग्नानंतर सासूकडून.' आई मागून वाचत होती.

"चुकलं," ती म्हणाली. "सासूकडनं न्हाई. माळीनगरला तिची मावळण होती, तिच्याकडनं आली. सासूनं तर घालू नको म्हणून सांगितलं होतं."

मी खोडलं आणि परत लिहायला घेतलं. साल विचारलं तर तिला आठवेना. काकूंना फोन लावला. त्या म्हणाल्या, पाणी नव्हतं त्या साली. मग दोघींचं फोनवर सुरू झालं, ७२ चा दुष्काळ की त्याच्या आधीचा, तेव्हा थोरला जन्मला होता का, मावळण तेव्हा होती का. मी कागदावर जागा मोकळी ठेवली.